केसलीचं ‘हाव’

नर्सच्या नोकरीत रक्ताची भीती पहिल्या काही महिन्यांतच मोडते. समन्सची भीती मात्र शेवटपर्यंत मोडत नाही. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी दारात खाकी कपड्यातला माणूस हातात कागद घेऊन उभा दिसला की मला अजून ते समन्सच वाटतं. तो बिचारा विजेचं बिल द्यायला आलेला असतो. मी त्याला उगाच पाणी विचारते, बसा म्हणते, आणि तो बुचकळ्यात पडून निघून जातो.

नागपूरला शिकत होतो तेव्हा कायद्याचे तास म्हणून काही फारसे नव्हते. आमच्या मेट्रनबाई वॉर्डात फिरता फिरताच कायदा शिकवायच्या. विषाच्या कपाटाची किल्ली स्वतःच्या कमरेला हवी, मैत्रिणीच्या नव्हे. बेशुद्ध माणसाला गरम पाण्याची पिशवी लावायची तर आधी आपल्या गालाला लावून पाहा, कारण भाजलं तर तो ओरडणार नाही. पोट शिवण्याआधी रक्त टिपायचे बोळे मोजा, आणि एक जरी कमी भरला तरी सर्जन कितीही मोठा असो, त्याला म्हणायचं, थांबा. बाहेरच्या लोकांना वाटतं, नर्स म्हणजे डॉक्टरांचा हात. मेट्रनबाई म्हणायच्या, कायद्याला तसं वाटत नाही. डॉक्टरांनी चुकीचं सांगितलं आणि ते चुकीचं आहे हे तुम्हाला कळायला हवं होतं, तर ‘मला सांगितलं म्हणून केलं’ एवढ्यावर कोर्ट तुम्हाला सोडत नाही.

हे शिकलेलं पहिल्यांदा वापरलं ते एका कापसाच्या अडत्यावर. त्याला ताकदीची सुई हवी होती, तीही त्याच्या घरी, गादीवर बसल्या बसल्या. डॉक्टरांनी तपासल्याशिवाय देत नाही म्हटल्यावर तो चिडला. त्यानं मला सांगितलं की त्याच्या जिनिंगवर माझ्यासारख्या पन्नास बाया कामाला आहेत. मी म्हटलं, त्यांच्यापैकी एकीला सांगा. डॉक्टरांकडे माझी तक्रार गेली. डॉक्टरांनी ती ऐकून घेतली आणि त्या माणसाला दवाखान्याच्या बाकावर, बाकीच्यांच्या रांगेत, तपासायला बसवलं.

हे डॉक्टर म्हणजे डॉक्टर गायकवाड. घाटंजीच्या पलीकडे मिशनचा एक लहान दवाखाना होता, तिथले ते सर्जन. दवाखाना आता नाही, डॉक्टरही नाहीत. माणसांची नावं मी बदलली आहेत. मोजक्या खाटा, ऑपरेशनची एक खोली, पाठीमागे विहीर आणि समोर कडुनिंब, एवढाच पसारा. वऱ्हाड नुकताच मुंबई राज्यात गेला होता. कोर्टकचेरीतले शिक्के अजून जुनेच होते आणि माझी नर्सची नोंदणीसुद्धा नागपूरहून मुंबईकडे निघालेली, मध्येच कुठेतरी होती. डॉक्टर गायकवाड फार कमी बोलत. बोलण्याआधी चष्मा काढून पुसत आणि पुष्कळदा चष्मा पुसून झाला तरी बोलत नसत. त्यांच्याबरोबर काम करायचं म्हणजे त्यांचं न बोलणं समजून घ्यायचं.

कापूस वेचणीचे दिवस होते. सकाळी एक बैलांची बंडी दवाखान्याच्या आवारात आली. बंडीत कडब्यावर एक बाई झोपवलेली आणि तिच्या उशाशी तिची सासू. जवळच्या बंजारा तांड्यातली माणसं. बैल हाकणारा गडी सोडला तर बरोबर पुरुष नव्हता. बाईचं नाव केसली. तांड्याचे नाईक, म्हणजे प्रमुख, धरमा नाईक, त्यांची ती सून. तिचा नवरा थावरू राजूरला कोळशाच्या खाणीवर होता. स्वतः नाईक एका सोयरिकीच्या बोलणीसाठी दुसऱ्या तांड्यावर गेले होते. केसली बराच वेळ अडली होती. सुईणीनं तिला येईल ते सगळं केलं होतं, आणि शेवटी सासूनंच बंडी जुंपायला लावली होती.

सासूनं मला आनंदानं सांगितलं की वाटेत कळा थांबल्या, आता पोरीला आराम पडला. अडलेल्या बाईच्या कळा अशा एकाएकी थांबतात तेव्हा तो आराम नसतो. मी नाडी पाहिली, ती पळत होती. पोटाला हात लावला तर ते नुसत्या स्पर्शानं आखडलं, आणि बाळाचे अवयव कातडीखाली इतके वर लागले की गर्भाची पिशवी फाटली आहे हे मला कळलं. बाळाचे ठोके नव्हते. डॉक्टरांनी तपासलं आणि ऑपरेशनची खोली तयार करायला सांगितली.

आता इथं वाचकांना संमती म्हणजे काय ते सांगायला हवं. ऑपरेशनच्या आधी कागदावर होकार घ्यायचा असतो. त्याशिवाय माणसाच्या अंगाला सुरी लावणं म्हणजे कायद्याच्या नजरेत इजा करणंच. माणूस बेशुद्ध असेल, जवळ कोणी नसेल आणि जीव जात असेल, तर डॉक्टरला थांबायचं कारण नाही. पण माणूस शुद्धीवर असेल आणि वयात आलेला असेल, तर त्याला विचारावंच लागतं. हे झालं पुस्तकातलं. आमच्याकडचा रिवाज वेगळा होता. बाईच्या ऑपरेशनला नवऱ्याची सही, नवरा नसेल तर सासऱ्याची, तोही नसेल तर दिराची. बाईला विचारण्याची पाळी सहसा यायचीच नाही.

आम्ही नाईकांकडे लगेच माणूस पाठवला. सासूला म्हटलं, तोवर तुम्ही अंगठा द्या. तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले. आपण कोण, मालक घरी नाहीत, ते आले की त्यांना विचारा, एवढंच ती म्हणत राहिली. मी समजावू लागले तशी ती उठून बाहेर गेली आणि कडुनिंबाखाली पाठ करून बसली. मला तिचा राग आला नाही. सून दगावली किंवा तिची कूस गेली, तर तो अंगठा तिला घरात जन्मभर ऐकवला गेला असता.

डॉक्टरांनी चष्मा पुसला. माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, “सिस्टर, ती शुद्धीवर आहे. तिलाच विचारा. माझ्यासमोर विचारा.”

मी दारव्ह्याची. वऱ्हाडी माझ्या आईची भाषा, आणि केसलीलाही ती येत होती. मी केसलीच्या तोंडाशी वाकले आणि जसं आहे तसं सांगितलं, की लेकरू गेलं आहे, पोटातली पिशवी फाटली आहे, ती काढली तर वाचण्याची आशा आहे, पण मग पुन्हा मूल होणार नाही. अशा वेळी ‘होईल सगळं ठीक’ म्हणायचा मोह फार होतो. मेट्रनबाईंनी ते आमच्यातून काढून टाकलं होतं.

केसली डोळे मिटून पडली होती. मला वाटलं, ऐकलंच नाही. मग तिनं विचारलं, “काढली तं मी उठीन का?”

“ते सांगता येत नाही,” मी म्हटलं. “पन ठेवली तं उठनार नाहीस.”

मी काय सांगितलं ते तूच मला एकदा सांग, असं मी तिला म्हटलं. हेही आमच्या शिकवणीतलंच. माणूस नुसती मान हलवतो तेव्हा त्याला कळलेलं असतंच असं नाही. केसलीला बोलायला त्रास होत होता, पण तिनं सांगितलं. पिशवी काढणार, मग लेकरू नाही. घरी तिची पोरगी होती, नुकती चालायला लागलेली. तिच्यासाठी उठायचं आहे, म्हणाली. आणि मग तिनं हो म्हटलं, वऱ्हाडीत, “हाव. काढा.”

तिचा अंगठा घेतला. मी सलाईनची तयारी करू लागले, आणि इथं अडचण आली. तिच्या दोन्ही हातांत कोपराच्या वर आणि खाली पांढऱ्या बांगड्यांचा गच्च चुडा होता. तांड्यातल्या सवाष्णींचा असतो तसा. नवरा जिवंत असेपर्यंत तो उतरवत नाहीत. हाताची शीर मिळवायची तर चुडा काढायला हवा. मी तिला विचारलं, हा काढू का? तिनं इतक्या वेळात पहिल्यांदाच मान जोरानं हलवली. “चुडा नाही काढाचा. पिशवी काढा. चुडा नाही.”

एखादीनं म्हटलं असतं, जीव चाललाय आणि हिला बांगड्यांचं पडलंय. पण जिच्या एका शब्दाला मी आत्ताच कागदावर इतकी किंमत दिली होती, तिच्या दुसऱ्या शब्दाला नाही कशी देणार? डॉक्टरांना सांगितलं. केसलीच्या पायातल्या कड्या तिच्या परवानगीनं काढल्या, आणि डॉक्टरांनी घोट्याजवळ लहानशी चीर देऊन तिथली शीर उघडली. थोडा वेळ त्यात गेला. तो वेळ आम्हाला परवडणारा नव्हता, पण गेला.

ऑपरेशन झालं. बाळ मुलगा होता. त्याला स्वच्छ करून मी पांढऱ्या फडक्यात गुंडाळलं. केसली वाचली.

धरमा नाईक दुपारनंतर आले. उंच, सडसडीत म्हातारा, लाल पागोटं, हातात काठी. आम्ही पाठवलेल्या माणसाची आणि त्यांची चुकामूक झाली होती. त्यांना तांड्यावर परतल्यावर कळलं होतं. त्यांनी नातवाला हातात घेतलं, तोंडावरचं फडकं बाजूला करून बराच वेळ पाहिलं. आरडाओरड नाही, काही नाही. डॉक्टरांनी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, पिशवी काढायचं कुणाला विचारलं होतं? डॉक्टर म्हणाले, तुमच्या सुनेला. नाईकांनी कडुनिंबाखाली बसलेल्या बायकोकडे पाहिलं, आणि बाळाला घेऊन निघून गेले.

केसली बरी होईपर्यंत सासू तिच्याजवळ राहिली. तिचं सगळं करायची, पण माझ्या नजरेला नजर देत नसे. मग थावरू राजूरहून आला आणि बंडीतून बायकोला घेऊन गेला. जाताना केसलीनं माझा हात धरला, तेवढाच निरोप.

काही आठवड्यांनी समन्स आलं. तालुक्याच्या कोर्टात धरमा नाईकांनी फिर्याद केली होती. पहिले आरोपी डॉक्टर, दुसरी मी. घरच्यांची परवानगी नसताना गंभीर इजा केली, हे दोघांवर. माझ्यावर त्याशिवाय आणखी एक होतं, की सून बेशुद्ध असताना मी तिचा अंगठा धरून कागदावर उमटवला.

फसवणुकीचा आरोप. शाबीत झाला तर तुरुंग, आणि सुटले तरी खटला चालू असेपर्यंत मुंबईला माझी नोंदणी होणार नाही, असं मला सांगण्यात आलं. घरी विधवा आई, मागे दोन भावंडं. आईला कळवलं नाही, पण मामांना कळलंच. ते दारव्ह्याहून आले. त्यांचं म्हणणं सरळ होतं. तू नोकर माणूस, डॉक्टर म्हणाले तसं केलं असं सांग आणि मोकळी हो. गंमत अशी की मिशनच्या वकिलांनी डॉक्टरांनाही तसाच सल्ला दिला, फक्त उलट बाजूनं. अंगठा नर्सनं घेतला, बाई शुद्धीवर आहे हे तिनंच सांगितलं, असं म्हणा. तुमचं काम सर्जरीचं.

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, डोळ्यावर ठेवला. “मी तिथं उभा होतो,” ते म्हणाले. “सिस्टरनं विचारलं आणि बाईनं उत्तर दिलं. दोन्ही मी ऐकलं. यापेक्षा वेगळं मला काही सांगता येणार नाही.”

मामांना मी तेच सांगितलं. ते रागावून परत गेले.

पण आम्ही दोघं खरं बोललो तरी त्याचा उपयोग किती? केसलीला विचारलं तेव्हा खोलीत आम्हा दोघांशिवाय कोणी नव्हतं, आणि दोघंही आरोपी. बैल हाकणारा गडी बंडीपाशी, सासू झाडाखाली. तिसरी साक्षीदार एकच, केसली. आणि तिला तर फिर्यादीच साक्षीला आणणार होते.

मला नाईकांचाही विचार यायचा. त्यांना जे सांगितलं गेलं ते खरं असतं, बेशुद्ध पडलेल्या लेकीसारख्या पोरीचा अंगठा कुणी असा चोरून घेतला असता, तर मीही फिर्याद केली असती. तांड्याचे तंटे ते स्वतः सोडवणारे. त्यांच्या शब्दावर माणसं भांडणं मिटवायची. त्यांच्याच घरातली एवढी मोठी गोष्ट त्यांना न विचारता झाली, हे त्यांना तांड्यात रोज कोणी ना कोणी ऐकवत असणार. आणि केसली? ती त्यांच्याच घरात राहत होती, त्यांचीच भाकर खात होती, आता मूल होणार नाही अशी सून. तिनं सासऱ्याच्या विरुद्ध बोलावं अशी अपेक्षा करायला मला तोंड नव्हतं. मी देवाला एवढंच म्हणायची की तिच्यावर ही पाळी नको यायला.

कोर्टाच्या आवारात ती दिसली. भरतकामाची चोळी, आरशांचा घागरा, डोक्यावरून ओढणी पार खाली ओढलेली. शेजारी सासू. वकिलांनी मला बजावलं होतं, साक्षीदाराशी एक शब्द बोलायचा नाही. मी भिंतीच्या कडेला उभी राहिले. सासूनं मला पाहिलं आणि नजर जमिनीत घातली.

मॅजिस्ट्रेट तरुण होते, राज्याच्या पश्चिम भागातून बदलून आलेले. वऱ्हाडी त्यांना नीट उमगत नसे. प्रत्येक उत्तर दोनदा वदवून घ्यायचे. नाईकांची जबानी झाली. त्यांनी खोटं काही सांगितलं नाही. मी तिथं नव्हतो, मला घरी आल्यावर कळलं, असंच म्हणाले.

मग केसलीचा पुकारा झाला. नाईकांच्या वकिलानं तिला आधी नाव, गाव विचारलं. मग म्हणाला, “दवाखान्यात नेलं तवा तुले सुद नव्हती, बरोबर?”

केसलीनं ओढणी आणखी खाली ओढली. त्यानं पुन्हा विचारलं. कोर्टात पंखा ओढणारा मधेच थांबला होता. मी डोळे मिटून घेतले.

“सुद होती,” केसली म्हणाली.

वकील हसल्यासारखं करून म्हणाला, की एवढ्या वेदनेत होतीस, कोण काय बोलतंय ते तुला कसं कळणार?

“दुखून राह्यलं होतं. बहिरी नोती झाली मी.”

मॅजिस्ट्रेटना कळलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा तेच सांगितलं, या वेळी थोडं मोठ्यानं. मग ते म्हणाले, काय झालं ते तुझ्या शब्दांत सांग. ओढणीआडून ती सावकाश बोलली.

“बाईनं सांगतलं लेकरू गेलं. पिशवी काढू का म्हनून इचारलं. मी हाव म्हनलं. मंग चुडा काढू का इचारलं. मी नाही म्हनलं. तं नाही काढला.” ती थांबली. “मले सुद नसती तं चुडा राह्यला असता का, साहेब?”

मॅजिस्ट्रेटनी विचारलं, मग सलाईन कुठं लावलं? केसलीनं घागरा थोडा उचलून घोट्यावरचा व्रण दाखवला. त्यांनी खुर्चीतून वाकून पाहिला आणि लिहून घेतला.

याच वेळी मागच्या बाजूला कोणीतरी हुंदका दिला. सासू तोंडाला पदर लावून रडत होती. नाईक वळले. बायकोकडे त्यांनी पाहिलं तेव्हा त्यांना जे कळायचं ते कळलं, आणि आम्हालाही. अंगठा द्यायचं आपण नाकारलं आणि बाहेर जाऊन बसलो, हे मालकाला सांगायचं त्या माउलीला धैर्य झालं नव्हतं. पोरगी मेल्यासारखी पडली होती, त्यांनीच काय ते केलं, असं ती घाबरून बोलून गेली होती. मग ते वाक्य तांड्यात फिरलं, तालुक्याला गेलं, अर्ज लिहिणाऱ्याच्या हातात पडलं, आणि परत घेता येईना.

धरमा नाईक उभे राहिले. वकील त्यांना खाली बसवू लागला. त्यांनी त्याचा हात बाजूला केला. “साहेब, फिर्याद माही हाये. मले पोरगी बेसुद होती म्हनून सांगन्यात आलं. ते तसं नाही. पोरगी सांगते तेच खरं. मले हे चालवाचं नाही.”

मॅजिस्ट्रेटनी त्यांना जे सांगायचं ते वकिलामार्फत सांगायला लावलं. कायद्याचे सोपस्कार झाले, आणखी एक तारीख पडली, आणि त्या तारखेला आम्हा दोघांना सोडून दिलं. निकालात मॅजिस्ट्रेटनी लिहिलं, की सज्ञान आणि शुद्धीवर असलेल्या स्त्रीच्या शरीराबद्दल तिचा स्वतःचा होकार पुरेसा आहे. आज हे वाचून कुणाला त्यात विशेष वाटणार नाही. मी ते वाक्य उभ्या उभ्या दोनदा वाचलं.

पण मला जास्त आठवतो तो पहिल्याच तारखेचा परतीचा प्रवास. गावाकडे जाणारी मोटार एकच. फिर्यादी, साक्षीदार आणि आरोपी, सगळे तिच्यातच चढलो. मोटार सुटायच्या आधी नाईक माझ्याजवळ आले. तुम्ही थांबला असता तर काय झालं असतं, असं त्यांनी विचारलं. भांडणाच्या सुरात नाही. मी म्हटलं, केसली गेली असती. त्यांनी मान हलवली.

“थांबल्या नाही, बरं केलं,” ते म्हणाले. “पन मले इचारलं असतं तं मीही हावच म्हनलं असतं.”

म्हटलं असतं का? मला वाटतं, म्हटलं असतं. खात्री मात्र कधीच झाली नाही. मोटार चालू झाल्यावर त्यांची बायको माझ्या शेजारी येऊन बसली. पदरातली बोरं तिनं ओंजळ भरून माझ्या मांडीवर ओतली, आणि वाटभर आम्ही दोघी ती खात राहिलो.

गोष्ट इथं संपली असती तर मला बरं वाटलं असतं. कोर्टानं आम्हाला सोडलं, पण केसलीचं पुढं काय झालं हे कुठल्या निकालात नसतं. नाईकांनी तिला घरातून काढलं नाही, उलट भर कोर्टात खरं बोलली म्हणून तांड्यात तिचा मान राखला. पण थावरूनं दोन-तीन वर्षांनी दुसरी बायको केली. तेव्हा आपल्याकडे त्याला कायद्याची आडकाठी आली होती, पण कायदा तांड्यापर्यंत चालत जायला वेळ लागतो. तक्रार करणार कोण? केसली आठवडी बाजाराला आली की दवाखान्यात डोकावायची. तिनं मला सवतीचं सांगितलं ते जसं कुणी घरावर नवी कौलं घातल्याचं सांगावं तसं.

महाराष्ट्र झाल्यानंतरची गोष्ट. एक दिवस केसली त्या सवतीला घेऊन आली. पोरसवदा मुलगी, पहिलटकरीण, दिवस भरत आलेले. कळा सुरू व्हायच्याही आधी केसलीनं तिला बंडीत घातलं होतं. घरचे म्हणत होते, एवढी घाई कशाला. केसलीनं कुणाचं ऐकलं नाही. आणून खाटेवर बसवलं, आणि मला म्हणाली, हिला सगळं सांगा, काय होईल, काय होऊ शकतं. मी सांगितलं. ती मुलगी घाबरून केसलीकडे पाही, आणि केसली म्हणे, “माह्याकडे नको पाहू. बाईकडे पाह्य. ऐक.”

काही करावं लागलं नाही. सगळं सरळ झालं, मुलगा झाला, ठणठणीत. केसलीनं त्याला आंघोळ घातली. मी त्याला पुसून दिलं तेव्हा ती ओसरीवर उन्हात पाय पसरून बसली होती. घोट्यावरच्या कड्यांना तिनं बाळाचं डोकं लागू दिलं नाही, मांडीवर वर ओढून घेतलं. मी शेजारी बसले. इतक्या वर्षांत जे विचारायचं धाडस झालं नव्हतं ते त्या दिवशी विचारलं. म्हटलं, केसली, त्या दिवशी मी तुला विचारलं, ते बरं केलं का ग?

तिनं बाळाच्या तोंडावरचं ऊन हातानं अडवलं.

“तुमी इचारलं, म्हनून मले कोनाले दोस देता येत नाही, बाई,” ती म्हणाली. “सासूले नाही, डाक्टरले नाही, तुमाले नाही. कधी कधी लय वाटते, कोनाले तरी शिव्या द्याव्या. पन हाव म्हननारी मीच.”

होकार घेतला की जबाबदारी कुणाची, हे मी परीक्षेत लिहून पास झाले होते, कोर्टात शपथेवर सांगितलं होतं. ज्या बाईचा होकार घेतला तिला तो किती जड जातो, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. त्यानंतर नोकरी संपेपर्यंत मी पुष्कळ होकार घेतले. विचारायचं कधी सोडलं नाही. मात्र विचारून झाल्यावर लगेच उठून जायचं सोडलं. थोडा वेळ त्या माणसाजवळ बसायची.

आत खाटेवरची मुलगी जागी झाली होती, बाळाला मागत होती. केसली उठली. दाराशी जाऊन थांबली आणि मागं वळून म्हणाली, “पन पुन्हा इचारलं तं मी हावच म्हनीन. तुमी मनाले लावून नका घेऊ.”

मग तिनं बाळ त्याच्या आईच्या हातात दिलं, आणि दूध कसं पाजायचं ते तिला दाखवायला खाटेच्या कडेवर बसली.